झील धरणाऱ्यांची गाणी
(शाहीर साबळे आणि पार्टी यांच्या ध्वनिमुद्रणांवरील पुस्तकाची प्रस्तावना)

शाहीर कृष्णराव साबळे यांनी आपल्या पार्टीसह ग्रामोफोनच्या तबकड्यांवर गाऊन ठेवलेली गाणी हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध गाणे, ‘जय जय महाराष्ट्र माझा’, साठ वर्षांहून जुने झाले आहे. ज्या यंत्रावर ते पहिल्यांदा वाजले ते आज बहुतेक घरांतून गेलेले आहे. मधल्या काळात तबकडी गेली, कॅसेट आली आणि गेली, सीडी आली आणि गेली. तरी महाराष्ट्र दिनाच्या सकाळी सातपुड्यातल्या आश्रमशाळांपासून नवापूरच्या कचेऱ्यांपर्यंत हेच गाणे लागते. आषाढीला गल्लीतल्या दिंडीपुढे ‘या विठूचा गजर हरिनामाचा’ ऐकू येते. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा ‘विंचू चावला’वर कळवळत लोळतो आणि सभागृह हसते. गाण्यांना इतके दीर्घ आयुष्य कशाने लाभले, हा या प्रस्तावनेचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे आहे की या गाण्यांत ऐकणाऱ्यासाठी एक जागा मोकळी ठेवलेली आहे. ती झीलकऱ्याची जागा. पोवाड्यात मुख्य शाहीर पुढे उभा राहून कडवे टाकतो. त्याच्या मागचे साथीदार ओळीचा शेवट उचलतात, तो लांबवतात, पुढच्या कडव्यापर्यंत शाहिराला श्वास घ्यायला वेळ देतात. झीलकरी नसेल तर पोवाडा उभाच राहत नाही. साबळ्यांच्या ध्वनिमुद्रणांत ही मागची रांग नेहमी जिवंत असते, आणि तिच्यात आणखी एकाची भर पडली तर गाणे बिघडत नाही, भरते. म्हणून ही गाणी लोक नुसती ऐकत नाहीत. ती लागली की पुढचे पाऊल आपोआप सोबत म्हणण्याचे असते. पुढची सगळी पाने मी या एका गोष्टीच्या आधारावर मांडली आहेत.

खानदेशातला धागा

कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात, पसरणी गावी झाला. घरात भजनाचे आणि ओव्यांचे वातावरण होते. बासरी ते लहानपणीच वाजवू लागले. पुढे शिक्षणासाठी ते आपल्या खानदेशात, अमळनेरला येऊन राहिले. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा करत भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावरचे हे गाव तेव्हा साने गुरुजींच्या वास्तव्याने आणि विचाराने भारलेले होते. गुरुजींनी तिथल्या शाळेत शिकवले होते, ती नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले होते. गुरुजींच्या सहवासात साबळ्यांच्या गळ्याला काम मिळाले. स्वातंत्र्याचा प्रचार, अस्पृश्यतेविरुद्धची जागृती, मंदिरप्रवेश या गोष्टी त्यांनी आधी गाण्यातून मांडल्या. नाव आणि तबकड्या नंतर आल्या. पसरणीचे भैरवनाथाचे मंदिर दलितांना खुले करण्याच्या कामात ते स्वतः पुढे होते.

चरित्रातला हा भाग मी मुद्दाम आधी सांगतो आहे. साबळे यांचे नाव घेतले की सातारा आणि मुंबई डोळ्यांसमोर येते; खानदेशाचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. पण गाणे हे चार माणसांना एका जागी उभे करण्याचे साधन आहे, ही समज त्यांना अमळनेरच्या दिवसांत मिळाली असे मला वाटते. प्रभातफेरीत गाणे एकट्याने म्हणून चालत नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस फेरीत सामील झाला पाहिजे, आणि त्यासाठी धृपद पहिल्यांदा ऐकताक्षणी तोंडात बसले पाहिजे. साबळ्यांच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध गाण्याचे धृपद याच कसोटीला उतरते.

साठचे दशक

पुढे मुंबईत त्यांनी आपली पार्टी उभी केली. गिरणगावचा प्रेक्षक समोर होता. दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभे राहून आलेल्या, घाटावरून आणि कोकणातून आलेल्या या माणसांना गावाकडचे गोंधळ, भारूड, तमाशा ठाऊक होते. त्यांच्यापुढे गाणाऱ्याला खोटे चालत नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने शाहिरीला तेव्हा मोठे बळ दिले होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावट्याच्या कलापथकातून डफ कामगारांच्या सभेत नेला होता. आत्माराम पाटलांचे पोवाडे गाजत होते. साबळ्यांची वाट थोडी वेगळी होती. त्यांनी शाहिरीबरोबर लोकनाट्य घेतले आणि भक्तिगीतही घेतले. एकाच पार्टीने पोवाडा, भारूड, गोंधळ, जागरण, वग आणि प्रहसन करावे, असा त्यांचा आवाका होता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या सुमारास ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आले. गीत राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. ही जुळणी नीट पाहण्यासारखी आहे. राजा बढे नागपूरचे. ‘चांदणे शिंपीत जाशी’, ‘हसतेस अशी का मनी’ लिहिणारे, म्हणजे हळुवार शृंगाराचे कवी. खळे बडोद्याला वाढलेले. ‘शुक्रतारा मंद वारा’सारख्या मंद लयीच्या चाली ही त्यांची ओळख. आणि गाणारा पसरणीचा, खानदेशात शिकलेला, गिरणगावात घडलेला शाहीर. नव्या राज्याच्या गाण्यासाठी विदर्भाचा कवी, बडोद्याचा संगीतकार आणि घाटावरचा गायक एकत्र आले. खळ्यांनी चालीत नाजूकपणा बाजूला ठेवला, पण शिस्त सोडली नाही. गाणे आवेशाचे आहे, तरी कुठे फाटत नाही. साबळ्यांचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा मागचा कोरस त्याला धरून ठेवतो. हेच गाणे एकट्या गायकाने, फक्त पेटीच्या साथीवर म्हणून पाहावे. शब्द तेच, चाल तीच, पण गाणे अर्धे होते. उरलेले अर्धे मागच्या रांगेचे आहे.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत इथे समजून घ्यायला हवी. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटे मावत. साठच्या दशकात ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या आणि ३३ फेऱ्यांच्या मोठ्या एलपी यांनी ती जागा हळूहळू घेतली, पण गाण्याची लांबी त्या सव्वातीन मिनिटांच्या सवयीतच राहिली. गायक, वादक आणि कोरस बहुधा एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत. कोणाची ओळ चुकली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आज प्रत्येक आवाज वेगळा घेऊन नंतर जोडतात. तेव्हा तो जोड आधी माणसांतच असावा लागे. रात्र रात्र एकत्र कार्यक्रम करणाऱ्या पार्टीला हे जड गेले नाही. ढोलकीवाल्याला शाहिराचा श्वास ठाऊक होता आणि शाहिराला झीलकऱ्यांचा भरवसा होता. हा भरवसा ध्वनिमुद्रणात ऐकू येतो.

हेच दशक जगभर गटाने गाणाऱ्यांचे होते. इंग्लंडात ‘बीटल्स’ या लिव्हरपूलच्या चार मुलांनी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात आपल्या पहिल्या एलपीतली दहा गाणी ध्वनिमुद्रित केली, कारण त्यांतली बरीचशी गाणी त्यांनी क्लबांतून आधीच गायलेली होती. त्यांच्या ‘हे ज्यूड’ या १९६८च्या गाण्याचा उत्तरार्ध चार मिनिटांचा सामूहिक घोष आहे; त्यासाठी वाद्यवृंदातल्या वादकांनाच टाळ्या वाजवायला आणि गायला लावले होते. त्याच वर्षी जानेवारीत ‘बीटल्स’मधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला आणि त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतातला काही भाग भारतीय वादकांकडून वाजवून घेतला. शाहीर साबळे यांच्या तबकड्याही एचएमव्हीनेच काढल्या. दोन्ही गटांत तुलना करावी असे फार नाही. पण ज्या गाण्यात श्रोत्याला शिरायला वाट असते ते गाणे टिकते, ही गोष्ट दोन खंडांवर एकाच दशकात दिसली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सव्वातीन मिनिटांत एक रात्र

साबळ्यांपुढचा खरा कलात्मक प्रश्न वेळेचा होता. जागरण रात्रभर चालते. गोंधळाला पहाट होते. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग यांना प्रत्येकाची ऐसपैस जागा असते. हे सगळे तबकडीच्या एका बाजूवर कसे आणायचे?

‘जेजुरीच्या खंडेराया जागराला या’ ऐकावे. जागरणात देवांना नावे घेऊन बोलावतात. वाघ्याच्या हातात दिमडी असते, मुरळीच्या हातात घाटी. नावामागून नाव येते आणि रात्र चढत जाते. साबळ्यांनी या विधीतला नेमका आवाहनाचा क्षण उचलला. कथा सोडली, उपकथा सोडल्या; बोलावणे ठेवले. त्यामुळे तबकडीवर जागरणाचा सारांश आलेला नाही, जागरणाची सुरुवात आली आहे. ऐकणाऱ्याला पुढची रात्र आठवते, किंवा ज्याने ती कधी पाहिली नाही त्याला पाहावीशी वाटते.

‘विंचू चावला’ हे संत एकनाथांचे भारूड. सोळाव्या शतकात पैठणला बसून नाथांनी काम-क्रोधाच्या विंचवाची वेदना रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी दिली, आणि उतारा सांगितला सत्त्वगुणाचा. भारूड हे सोंग आणून करायचे असते. डोळ्यांनी पाहायचे असते. तबकडीवर डोळे नाहीत. म्हणून साबळ्यांनी सगळा अभिनय गळ्यात आणला. कळ येते, आवाज मोडतो, सावरतो, पुन्हा चढतो. मागचे साथीदार गावकऱ्यांसारखे भोवती जमलेले वाटतात. हसू येत असतानाच विंचू कोणता हे उमगते. नाथांना अभिप्रेत असलेली ही दुहेरी क्रिया कीर्तनाच्या फडाबाहेर, रेडिओवरून, चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचवणे हे मोठे काम होते.

‘या विठूचा गजर हरिनामाचा’ची बांधणी आणखी वेगळी. दिंडीत वीणेकरी चरण धरतो, टाळकरी तो उचलतात, आणि चालण्याची लय कायम राहते. गाण्याने चालणाऱ्याचा दम तोडता कामा नये. साबळ्यांनी हे गाणे चालण्याच्या गतीलाच बांधून ठेवले आहे. ते ऐकताना बसून राहणे अवघड जाते. दरवर्षी पंढरीच्या वाटेवर ते नव्याने सापडते, यात नवल नाही.

तीन गाणी, तीन वेगळे प्रकार. पण पद्धत एक. प्रत्येक वेळी साबळ्यांनी लोकप्रकारातली ती जागा निवडली जिथे समूह सामील होतो. जागरणात आवाहन, भारुडात भोवतीचा घोळका, दिंडीत टाळकऱ्यांची ओळ. बाकीचे वेळेअभावी गळाले तरी ही जागा त्यांनी कधी गाळली नाही. मोठ्या संकलनकाराला काय टाकायचे हे कळते. काय टाकायचे नाही हे साबळ्यांना अचूक कळले.

पार्टी

तबकडीवर नाव एका शाहिराचे ठळक असते, पण पार्टीशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही. भानुमती साबळे या त्यांच्या पत्नी स्वतः कवयित्री होत्या. त्यांच्या लेखणीने पार्टीला गाणी दिली. राजा मयेकर, सुहास भालेकर यांच्यासारखे नट या मंडळात रंगले. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’, ‘असुनी खास मालक घरचा’ ही मुक्तनाट्ये या पार्टीने गाजवली. त्यांतले ‘आंधळं दळतंय’ मुंबईतल्या मराठी माणसाच्या बेकारीचा आणि उपेक्षेचा प्रश्न थेट रंगमंचावर आणणारे, आणि त्या दशकाच्या राजकारणावरही त्याचा ठसा उमटला.

मुक्तनाट्याचा उल्लेख इथे एवढ्यासाठी की तबकडीवरच्या गाण्यांत जो मोकळेपणा आहे तो रंगमंचावरून आलेला आहे. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे गप्प होतो, कुठे ओळ स्वतःच पूर्ण करतो, हे पार्टीला रोज रात्री कळत होते. स्टुडिओत माईकपुढे उभे राहताना तो प्रेक्षक त्यांच्या कानात असे. केवळ स्टुडिओसाठी बांधलेल्या गाण्यात हे येत नाही.

पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून त्यांनी लोककलांचे दर्शन गावोगावी आणि परदेशातही नेले. अंकुश चौधरी, भरत जाधव, अरुण कदम, संतोष पवार यांच्यासारखे कलावंत लोकधारेत उभे राहून शिकले. १९९८मध्ये साबळ्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते गेले. २०२३मध्ये त्यांचे नातू केदार शिंदे यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट काढला, आणि शाहिराची भूमिका लोकधारेतच घडलेल्या अंकुश चौधरींनी केली. त्याच वर्षी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा मिळाला. मूळ गीतातली दोन कडवी त्यासाठी घेतली आहेत. शिवजयंतीपासून, १९ फेब्रुवारी २०२३पासून ते अमलात आले.

नंदुरबारहून ऐकताना

हे पुस्तक नंदुरबारला तयार झाले, याचा विषयाशी जवळचा संबंध आहे. राज्यगीतात नद्यांची नावे येतात, त्यांत पहिले नाव रेवेचे, म्हणजे नर्मदेचे. महाराष्ट्राला नर्मदा लाभते ती केवळ आमच्या जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून, सुमारे ५४ किलोमीटर. राज्यातल्या बहुसंख्य लोकांनी गाण्यातली ही पहिली नदी कधी पाहिलेली नसते. तिच्या काठावर राहणाऱ्यांना मात्र तिचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे: सरदार सरोवराच्या बुडिताने याच दोन तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. ज्यांची शेते, होळीच्या जागा आणि देवांची ठाणी पाण्याखाली गेली, त्यांची मुले पुनर्वसन वसाहतींतल्या शाळांत आज हे राज्यगीत म्हणतात. त्या गाण्यात आपल्या नदीचे नाव पहिले आहे हे त्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. अभिमान आणि दुःख या दोन्हींना एका नावात जागा आहे, आणि चांगल्या गाण्याला दोन्ही पेलता येतात.

राज्याची सीमाही आमच्यासाठी नकाशावरची रेघ नाही. ज्या दिवशी महाराष्ट्र झाला, त्याच दिवशी तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. डांगही गुजरातेत राहिला. नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. नात्यागोत्याची माणसे दोन्हीकडे आहेत. लग्ने, बाजार, डोंगऱ्या देवाचे उत्सव सीमा मोजत नाहीत. म्हणून ‘माझा महाराष्ट्र’ ही भावना इथे जरा वेगळ्या वजनाने येते. ती आपसूक मिळालेली नाही. शाळेने, रेडिओने आणि अशा गाण्यांनी ती इथवर आणली.

आता एक आक्षेप मोकळेपणाने मांडला पाहिजे. साबळ्यांनी आणि त्यांच्या पिढीने तबकड्यांवर जो महाराष्ट्र उभा केला, त्यात सातपुडा फारसा नाही. जेजुरी आहे, पंढरपूर आहे, तुळजापूर आहे. काठी गावच्या राजवाडी होळीचा ढोल नाही. पावरा आणि भिल्ल घरांतली रोडाली गाणी नाहीत, पावरी या वाद्याचा सूर नाही. अहिराणीतली कानबाईची गाणी, जी श्रावणात खानदेशातल्या बाया अख्खी रात्र आळीपाळीने म्हणतात, तीही नाहीत. ज्या लोककलांना मुंबईतला श्रोता आणि तबकड्यांची बाजारपेठ होती त्या ध्वनिमुद्रित झाल्या. ज्यांना नव्हती त्या डोंगरातच राहिल्या. याचा दोष एका शाहिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एका माणसाने, एका आयुष्यात, स्वतः वाढलेल्या मुलखातले जेवढे गोळा करता येईल तेवढे त्याने केले. पण रिकामी जागा रिकामी आहे, आणि ती दाखवणे हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

तरी एक गोष्ट या रिकाम्या जागेतूनही उजळून दिसते. आमच्याकडच्या होळीत ढोलाभोवती फेर धरला जातो तेव्हा एक जण ओळ टाकतो आणि फेर ती परतवतो. कानबाईच्या गाण्यात एक बाई चरण धरते, बाकीच्या धृपद उचलतात. आदिवासी पाड्यांवर लग्नसराईत सोंगाड्या पार्ट्या रात्रभर नाट्य करतात. त्यांच्यात पुढचा आणि मागचा, नट आणि झीलकरी, ही रचना साबळ्यांच्या पार्टीइतकीच पक्की आहे. म्हणून इथल्या माणसाला, भाषा वेगळी असूनही, ‘जय जय महाराष्ट्र माझा’त शिरताना अडचण आली नाही. शब्द शिकावे लागले. सामील कसे व्हायचे हे त्याला आधीपासून येत होते. या गाण्यांच्या टिकण्याचे याहून भक्कम उत्तर मला सापडलेले नाही.

जतन आणि श्रेय

जुन्या गाण्यांचे प्रेम असलेल्या प्रत्येकाने एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी. नंतर निघालेल्या संकलनांवर, कॅसेटच्या कव्हरवर किंवा इंटरनेटवर जे साल छापलेले दिसते ते अनेकदा त्या संकलनाचे असते, मूळ ध्वनिमुद्रणाचे नव्हे. ‘पारंपरिक’ या एका शब्दामागे कधी संताचे नाव, कधी तमासगिराचे, कधी पार्टीतल्याच कोणाचे श्रेय झाकले जाते. कोरसात गाणाऱ्यांची नावे तर बहुधा कुठेच नसतात. ज्यांच्या आवाजामुळे ही गाणी उभी आहेत तेच अनामिक राहिले, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिच्यामागे उभे राहिलेल्या सुरेश चांदवणकर यांनी जुन्या तबकड्यांची माहिती गोळा करण्याचे मोठे काम केले आहे. तबकडीवरचे क्रमांक, लेबलवरची नावे, दोन्ही बाजूंची गाणी अशी नोंद एकेका घरातून पुढे येते तेव्हाच चित्र पुरे होत जाते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. माळ्यावर जुनी तबकडी असेल तर ती भंगारात देऊ नका. लाखेची तबकडी ठिसूळ असते. आडवी ठेवून तिच्यावर वजन टाकले तर तडकते. ती उभी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. वाजवण्याची सोय नसली तरी लेबलचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस अशा पार्टीत, कलापथकात किंवा मेळ्यात गात असेल तर त्याच्याकडून नावे लिहून घ्या.

हे पुस्तक कसे वाचावे

पुढची प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत, प्रकारांनी लावलेली आहेत: स्फूर्तिगीत आणि पोवाडा, दिंडी आणि भक्तिगीत, भारूड, गोंधळ आणि जागरण, शेवटी मुक्तनाट्यातली गाणी. प्रत्येक प्रकरणात आधी तो लोकप्रकार गावात कसा चालतो ते सांगितले आहे, मग तबकडीवर त्याचे काय झाले ते. वाचताना गाणे जवळ ठेवावे. पहिल्यांदा शाहिराकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा ऐकताना शाहिराला सोडून मागची रांग ऐकावी: कोरस कुठे आत येतो, किती थांबतो, कोणता शब्द उचलतो. ढोलकीचा हात कडव्याच्या शेवटी कसा बदलतो ते पाहावे. तिसऱ्यांदा मात्र नुसते ऐकू नये, झील धरावी. लाजत का होईना, एकदा मागच्या रांगेत उभे राहिल्यावर या गाण्यांची बांधणी जितकी कळते तितकी कोणत्याही विवेचनातून कळत नाही.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या तरुण वाचकांना आणखी एक सांगायचे आहे. आज अहिराणी गाणी मोबाइलवर लाखो लोक पाहतात. लग्नाच्या वरातीत आमच्या बँडच्या गाड्या फिरतात. साधने तुमच्या हातात आहेत. साबळ्यांच्या पिढीला जी तबकडी कंपनीच्या दारात उभे राहून मिळवावी लागली तिची आता गरज नाही. होळीचा फेर, रोडाली, कानबाईची रात्र, सोंगाड्या पार्टीचा खेळ यांचे ध्वनिमुद्रण तुम्ही आजच करू शकता. ते करताना फक्त पुढच्या गायकाकडे माईक नेऊ नका. फेर धरणाऱ्यांचा आवाजही नीट येऊ द्या, आणि प्रत्येकाचे नाव लिहून ठेवा. शाहीर साबळे आणि पार्टी यांनी मराठी मुलखाच्या एका मोठ्या भागासाठी हे काम साठ वर्षांपूर्वी केले. सातपुड्यासाठी आणि तापीच्या या काठासाठी ते करायचे राहिले आहे, आणि ते करण्याची पाळी आता आपली आहे.